कुलमंडळाचा कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो आमचा म्हणून नाही, कुलमंडळाचा म्हणून आला. आपल्या आडनावाची जेवढी माणसं जगाच्या पाठीवर असतील तेवढ्यांची एका जाडजूड पुस्तकात नोंद करायची, कोण कुणाचा मुलगा, कुठे जन्मला, काय शिकला, कुणाशी लग्न झालं, कधी गेला, आणि त्याला कुलवृत्तांत म्हणायचं, हे आमच्याकडच्या निवृत्त माणसांचं फार आवडतं काम. पेन्शन सुरू झाली की कुणी कलमांत रमतो, कुणी पूर्वजांत. अण्णा पूर्वजांत रमले. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, रिटायर्ड हेडमास्तर, विधुर, मूलबाळ नाही. माझे बाबा त्यांचे पाठचे भाऊ. मी नववीत असताना बाबा गेले आणि घरात अण्णा, आई आणि मी अशी तीनच माणसं उरली. घर तसं दोघा भावांचं होतं. बाबा गेल्यावर ते अण्णांचं झालं. तसं कुणी बोलून दाखवलं नाही, पण आई भाजी कुठली करायची हे त्यांना विचारून करायला लागली, त्यावरून मला कळलं.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते आणि घराण्यात रत्नागिरीत राहणारं, कळा बडवता येणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून मंडळाचा तो कॉम्प्युटर आमच्या पडवीच्या टोकाला येऊन बसला. त्याला आईने क्रोशाचं झाकण विणलं. अण्णा त्याच्यापुढे बसताना पाय धुऊन बसत. दसऱ्याला त्यांनी त्याची पूजा केली, ती इतकी मनोभावे की फ्लॉपी घालायच्या फटीतच अक्षता सोडल्या, त्याही कुंकवात भिजवलेल्या. पुढे कधीही फ्लॉपी घातली की आत कुरकुर आवाज यायचा आणि बाहेर आलेल्या फ्लॉपीला लाल चिकटा लागलेला असायचा. एकदा तर घरात आठवडाभर अशी घाण सुटली की आई कुजलेला फणस शोधत कोठी, माळा, पलंगाखालचं सगळं पालथं घालून दमली. शेवटी मी पेटीचं झाकण उघडलं. मागच्या जाळीतून पाल शिरून गरम पत्र्याला चिकटून मेली होती. ती सुटेना, म्हणून मी कालथ्याने खरवडून काढली आणि आईने तो कालथा परसात नेऊन पुरला. आजही जुन्या कॉम्प्युटरचा पंखा फिरला की मला आधी तो वास येतो.

माझं काम सोपं आणि रटाळ होतं. मुंबई, पुणे, नागपूर, अमेरिका, कुठून कुठून भरलेले फॉर्म पोस्टाने यायचे. पाकिटं अण्णा स्वतः फोडायचे, वाचायचे, लाल शाईने खुणा करायचे आणि मग माझ्याकडे द्यायचे. प्रत्येक नोंदीचा सांगाडा एकच. नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नी, अपत्ये, आणि शेवटी मृत्यूचं साल. माणूस जिवंत असेल तर ‘हयात’ हा शब्द. दीड-दोन वर्षांत मी तो शब्द किती वेळा टाइप केला असेल याची गणती नाही. लोकांनी फॉर्मात काय काय लिहावं! कुणी आपल्या मोटारीचं नाव टाकी, कुणी जावयाचा हुद्दा दोन ओळींत, आणि मुलींच्या नावांसाठी जागा पुरत नसल्याने ‘दोन कन्या’ एवढ्यावर भागवी. मला त्या सगळ्याचा वीट आला होता. पण बसत होते, कारण ते काम संपलं की तासभर कॉम्प्युटर माझा असायचा.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. तेव्हाचा मराठी फॉन्ट हा नुसता मुखवटा होता. कॉम्प्युटरला मराठीचा गंध नव्हता. आपण एक मराठी अक्षर उमटवलं की तो पोटात कुठलंतरी इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह ठेवायचा आणि वर मराठी रूप चढवून दाखवायचा. फॉन्ट गळून पडला की पडद्यावर डॉलर, कंस, उद्गारचिन्हं, मध्येच एखादं मोठं इंग्रजी अक्षर असा नुसता कचरा दिसे. अक्षतांच्या कृपेने आमच्या फ्लॉप्या इतक्या वेळा बिघडत की हा कचरा चाळून कुठली नोंद कुठे आहे हे शोधायची मला सवय झाली होती. सगळं वाचता येत नसे, पण जन्म, अपत्ये, हयात हे शब्द त्या कचऱ्यातही मी नजरेने उचलत असे.

आता बापूकाकांबद्दल. बापूकाका हे अण्णा आणि बाबांचे सगळ्यांत धाकटे भाऊ. सोळाव्या वर्षी तापाने गेले, एवढंच मला लहानपणापासून माहीत. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता, पण भाद्रपदात पितृपंधरवडा आला की त्यांची आठवण निघायची. सर्वपित्रीला आमच्याकडे तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असा स्वयंपाक होई आणि मागीलदारच्या गडग्यावर, त्या चिऱ्याच्या बुटक्या भिंतीवर, कावळ्यांसाठी ओळीने केळीची पानं मांडली जात. आजोबांचं, आजीचं, बापूकाकांचं आणि नंतर बाबांचं. आईची खीर दाट असायची आणि तिला जायफळाचा असा वास सुटे की मी सकाळपासून वाटीकडे डोळे लावून बसे. बाबांच्या पानाला कावळा तास तास शिवत नसे. आई पदर डोळ्याला लावून उभी राहायची, मनूचं, म्हणजे माझं, शिक्षण पुरं करीन असं पुटपुटायची, तरी तो मेला माडावर बसून नुसता बघायचा. बापूकाकांच्या पानाला मात्र आल्या आल्या शिवायचा. त्याचं घरात कौतुक होतं. बिचाऱ्याची काही इच्छाच राहिली नव्हती, असं आई म्हणायची, आणि अण्णा दुसरीकडे बघायचे.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट आला आणि सरांनी सांगितलं की लिनक्सवर कराल तर पुढे नोकरीला उपयोग होईल. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती, ती मैत्रिणीने मला दिली. अडचण एवढीच की कॉम्प्युटरवर विंडोज होतं, त्यात सगळं कुल होतं, आणि दोन्ही एकाच हार्ड डिस्कवर नांदवायची तर डिस्कचे भाग पाडावे लागणार होते. आजच्या मुलांना हे सांगितलं तर हसतील. तेव्हा ते पोटावर सुरी चालवण्याचं काम होतं. आधी डिस्कवर इथे तिथे पसरलेल्या फायली एका बाजूला गोळा करायच्या, मग मोकळ्या जागेवर बरोबर रेघ मारायची, मग पलीकडच्या तुकड्यावर नवा संसार मांडायचा. रेघ चुकली तर अलीकडचं सगळं गेलं. आणि मध्येच वीज गेली तर देवच पाठीशी. आमच्याकडे तर एखादी झावळी तारेवर पडली की दिवे जायचे. दिवे गेले की आई म्हणे, पोफळीवाले झोपले वाटतं. चिपळूणच्या अंगाला पोफळीला ते धरणाचं मोठं वीजघर आहे ना, आमच्या आईच्या मते सगळा उजेड-अंधार तिथूनच सुटायचा. अण्णांना तेवढं बोलणं खपत नसे. पोफळीचं नाव कशाला घेतेस, असं ते एकदम वस्सकन म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारा तापट आहे.

अण्णांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. मे महिन्यात ते लांज्याला एका मुंजीला गेले, त्या दिवशी सकाळी मी बसले. आधी सगळ्या नोंदी फ्लॉप्यांवर उतरवून घेतल्या. त्यांतल्या निम्म्या उलट वाचल्याच गेल्या नाहीत, अक्षतांचा प्रसाद. तरीही मी थांबले नाही, हे आज लिहिताना माझीच मला चीड येते. शेकडो घरांची माहिती माझ्या हौसेपायी पणाला लावली होती. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करत सरकत होते, त्यालाच तीन तास गेले. बाहेर आई फणसाचे गरे काढत होती, कोयत्याला तेल लावून सटासट चारखंड करत होती, आणि तो गोड कुबट वास, माझ्या हाताचा घाम, कुंकवाने बरबटलेल्या फ्लॉप्या, सगळं एकमेकांत मिसळलं होतं. दुपारी दोनच्या सुमाराला मी रेघ मारली. कळ दाबली आणि डोळे मिटून घेतले. वीज गेली नाही.

संध्याकाळपर्यंत लिनक्स बसलं. कॉम्प्युटर चालू केला की आता आधी एक काळा पडदा येऊन कुणीकडे जायचं ते विचारत होता. विंडोज आपोआप उघडेल अशी व्यवस्था मी केली होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी घाईत भलतीच कळ दाबली आणि त्यांच्यापुढे काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत कोण तुम्ही असं विचारणारं काहीतरी येऊन थांबलं. त्यांनी हाक मारली ती ऐकून मी दात घासता घासता धावले. ते खुर्चीला धरून उभे होते, चेहरा उतरलेला. कुल गेलं, एवढंच म्हणाले. मी पुन्हा चालू करून त्यांना दाखवलं की सगळं जागच्या जागी आहे, आता आत जायला फक्त दोन दारं झाली आहेत, एक त्यांचं, एक माझं. मंडळाच्या वस्तूला न विचारता हात लावलास म्हणून ते बोलले, दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, पण प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

माझ्या मनातली भीती मात्र मिटली नव्हती. रेघ मारताना एखाद्या फाइलचं शेपूट कापलं गेलं नसेल ना? विंडोजमध्ये फाइल उघडत होती, पण हजारभर पानं एकेक करून कोण तपासणार? लिनक्समधून पलीकडच्या भागातलं सगळं दिसतं, हे मला एव्हाना कळलं होतं. तिथे आमचा मराठी फॉन्ट नव्हता आणि तो लिहिण्याचा प्रोग्रामही नव्हता. म्हणून एके दुपारी, अण्णा वामकुक्षी करत असताना, मी फाइल तशीच कच्ची पडद्यावर सोडली. वरून खाली नुसता कचरा धावत होता आणि मी सवयीने त्यातून जन्म, अपत्ये, हयात वेचत होते. आमच्या शाखेची नोंद आली. आजोबा, अण्णा, बाबा ओळखले. बापूकाका ओळखले, कारण त्यांची नोंद मी स्वतःच टाइप केली होती, एका ओळीची. सोळाव्या वर्षी तापाने मृत्यू, अविवाहित. सगळं ठीक होतं. फाइल संपत आली, आणि अगदी तळाशी, जिथे काही असायलाच नको तिथे, बापूकाका पुन्हा आले. या वेळी नोंद लांब होती. तिच्यात अपत्ये हा शब्द होता. आणि शेवटी हयात होतं.

त्या लिहिण्याच्या प्रोग्रामची एक पद्धत होती, ती मला नंतर सरांकडून कळली. झटपट साठवण्यासाठी तो पुसलेला मजकूर लगेच काढून टाकत नसे. दाखवायचा फक्त थांबे. विंडोजच्या दाराने गेलं की तो मजकूर नाही. माझ्या दाराने गेलं की आहे. मी तेवढा तुकडा उचलून पलीकडच्या भागात नेऊन ठेवला, विंडोज चालू केलं, तुकडा उघडला आणि त्याला मराठी फॉन्ट चढवला. मग वाचता आलं. बापूकाकांचं पूर्ण नाव, वडिलांचं म्हणजे माझ्या आजोबांचं नाव, जन्मगाव आमचंच. सोळाव्या वर्षी कुष्ठरोग झाल्याने घाटावरच्या एका आश्रमात, तेथे पूर्ण बरे, तेथेच शिक्षण. पोफळी येथील वसाहतीत बागकामावर. पत्नीचं नाव. अपत्ये दोन कन्या, दोघींची नावं, दोघी शाळेत. घराचा पत्ता. हयात. प्रत्येक स्वल्पविरामानंतर दोन मोकळ्या जागा सोडलेल्या होत्या. तशा अण्णाच सोडायचे, एका बोटाने टाइप करताना.

पहिली गोष्ट काय वाटली ते खरं सांगते. काका जिवंत आहेत याचा आनंद वगैरे काही नाही. मला खीर आठवली. जिवंत माणसाच्या श्राद्धाची खीर मी जन्मापासून मिटक्या मारत खाल्ली होती, वाटी चाटून आणखी मागून घेतली होती. मी न्हाणीत जाऊन ओकले. तो माणूस इथून दोन-तीन तासांवर गुलाबाला पाणी घालत असताना आम्ही कावळ्याला हात जोडून त्याच्या इच्छा विचारत होतो. पाल खरवडताना नव्हती आली इतकी किळस मला त्या दुपारी आमच्या घराची आली, त्या धुतल्या पायांची, सोवळ्याची, पडवीत टांगलेल्या तसबिरींची.

अण्णा उठून पडवीत सुपारी कातरत बसले होते. आई शेजारी गेली होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, “बापूकाका हयात आहेत?”

अडकित्ता थांबला. “कुणी सांगितलं?”

“तुम्हीच टाइप केलंत.”

त्यांनी कातरलेली सुपारी डब्यात टाकली. मग म्हणाले, “फॉर्म आला त्याचा. कोरा फॉर्म त्याला तिकडच्या कुणाकडून मिळाला असेल. वाटलं, टाइप करून बघावं, कसं दिसतं ते. बघितलं. मग पुसलं.” फॉर्म त्यांनी बंबात घातला होता. मी विचारलं की मग त्यांचं पान का वाढता. अण्णा अगदी शांतपणे, वर्गात समजावून सांगावं तसे म्हणाले, “पहिल्या वर्षी वाढावं लागलं, लोक विचारत होते. एकदा वाढल्यावर दुसऱ्या वर्षी न वाढून कसं चालेल?”

हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं डोक्यात घोळवत आले आहे. त्यात दुष्टपणा कुठे आहे ते मला सापडत नाही, आणि म्हणूनच त्याची शिसारी येते. पुढे ते म्हणाले की बापूला आश्रमात पोचवायला माझे बाबाच गेले होते, परत येऊन तो वारला असं सांगायचं हे दोघा भावांनी मिळून ठरवलं, आणि माझ्या आईला हे माहीत नाही. बाबा माझ्या लेखी फार मोठे होते. बापूकाका बरे झालेत ना, मुलंबाळं आहेत, आता छापायला काय हरकत आहे, असं मी कसंबसं म्हटलं. “तुझं लग्न व्हायचंय,” अण्णा म्हणाले. “महारोग्याची पुतणी म्हणून कोण आपल्या घरात घेणार आहे, ते सांग मला.” आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

मी चिडले, अन्न टाकलं, आईने काय झालं विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं. छापखान्याला द्यायची शेवटची प्रत मीच तयार करत होते. बापूकाकांची एक ओळ बदलायला एक मिनिट लागलं असतं, आणि पुस्तक छापून येईपर्यंत अण्णांना कळलंही नसतं. हे त्यांनाही समजत असावं. चार दिवसांनी ते आपण होऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले की पुस्तक झालं की मंडळाला या कॉम्प्युटरचं काही काम नाही, तो मनूकडेच राहू दे असं मी बैठकीत सांगणार आहे. तुझं ते दुसरं दारही असू दे तसंच, असं वर म्हणाले. बाकी बोलायची गरज नव्हती. माझा सगळा प्रोजेक्ट त्या दुसऱ्या तुकड्यावर होता.

त्या दुपारी मी बापूकाकांच्या नोंदीवर गेले. मृत्यूची ओळ काढली. तिथे पोफळी, पत्नी, दोन कन्या, हयात, असं सगळं टाइप केलं. वाचलं. चांगलं दिसत होतं. मग मीही पुसलं.

पुसताना मी स्वतःला सांगितलं की आईचा विचार करायला हवा, आमचं छप्पर अण्णांच्या हातात आहे. तेही खरं होतं. पण मी पुसलं ते कॉम्प्युटरसाठी, अक्षता अडकलेल्या आणि पालीच्या वासाच्या त्या डबड्यासाठी. माझं पुढे लग्न झालं, ते आम्हीच ठरवलं, आणि सासरच्या कुणीही मला किती काका होते हे आजतागायत विचारलेलं नाही.

पुस्तक श्रावणात छापून आलं. हिरवी पुठ्ठाबांधणी, वर कुलस्वामिनी. फॉर्म भरलेल्यांना प्रती पाठवायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. शेवटच्या दिवशी मी एक जादा प्रत कागदात बांधली, तिच्यावर पोफळीचा पत्ता लिहिला आणि इतरांबरोबर पोस्टात टाकली. आत चिठ्ठी ठेवली नाही. काय लिहायचं सुचलं नाही, आणि निदान त्यांना कळू तरी दे असं वाटलं. काय कळू दे याचा विचार मी केला नव्हता. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला त्याच्या मृत्यूची छापील बातमी पाठवावी, यात केवढा हलकटपणा आहे हे पार्सल गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

भाद्रपदात, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, माझ्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं आणि तिरकं, बोटं आखडलेल्या माणसाचं. पुस्तकात टंकलेखन म्हणून माझं नाव होतं, त्यावरून कुणाची मी हे त्यांनी ओळखलं होतं. मजकूर मला पाठ आहे. त्यातले दादा म्हणजे माझे बाबा.

“चि. मनीषास आशीर्वाद. ग्रंथ पोचला. टंकलेखन सुबक आहे. मी वारल्याचे वाचले, त्याच पानावर दादा वारल्याचेही वाचले. माझे खोटे आहे, तेव्हा त्याचेही खोटे असेल अशी आशा वाटते. कळवावे. पंधरवड्यात माझे पान वाढत असतील तर खिरीत जायफळ घालू नये. मला ते लहानपणापासून सोसत नाही. तुझा, बापूकाका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी होती. तांदूळ शिजत आले होते, किसणी आणि जायफळ हाताशी काढून ठेवलेलं. मी तिला कार्ड दिलं आणि जे होतं ते सगळं सांगितलं, पुसल्याचंही. तिने कार्ड दोनदा वाचलं. बाबांनी आपल्यालाही फसवलं याबद्दल ती काही म्हणाली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. पदराला हात पुसले, जायफळ उचलून डब्यात टाकलं आणि म्हणाली, “बावीस वर्षं घालत्ये मी. कुणी सांगितलं असतं तर नसतं घातलं हो.”

गडग्यावर तिने तीनच पानं नेऊन ठेवली. अण्णा सोवळं नेसून मागीलदारी आले, पानांकडे बघितलं आणि बापूचं पान राहिलं म्हणाले. आई कधी त्यांच्याकडे वर बघून बोलत नसे. त्या दिवशीही तिने खालीच बघून सांगितलं, “भावोजी जेवतात पोफळीला.”

मला वाटलं, आता काहीतरी होईल. अण्णा ओरडतील, नाहीतर रडतील. ते स्वयंपाकघरात गेले. एक पान घेतलं, स्वतःच्या हाताने त्यावर भात वाढला, वडा ठेवला, खीर घातली. खिरीचा वास घेऊन क्षणभर थांबले, आईकडे बघितलं, आणि पान घेऊन बाहेर गेले. गडग्यावर बाबांच्या पानाशेजारी ते ठेवून हात जोडून उभे राहिले. कावळा नेहमीसारखा आल्या आल्या शिवला.

आई आणि मी त्या दिवशी जेवलो नाही. दुपारी मी पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं आणि तिथल्या डिंकाने चिकट झालेल्या टेबलावर लिहायला बसले. माफी मागायची होती, पुसल्याचं कबूल करायचं होतं, दोघी बहिणींना काय आवडतं ते विचारायचं होतं. त्यातलं काहीच लिहायला हात धजला नाही. शेवटी दोन ओळी लिहिल्या आणि कार्ड पेटीत टाकलं. बाबांचं खरं आहे. जायफळ बंद केलं आहे.